गोडेला लाव

लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला आले ना, तेव्हाची गोष्ट. सासर मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलं. सासूबाईंना गोधडी शिवण्याआधी तुकडे फ्लॅनेलवर मांडून बघायचे होते. त्यावर म्हणे ते टाचणीशिवाय चिकटतात. बाहेर जाता जाता मला म्हणाल्या, "फ्लॅनेल गोडेला लाव ग."

खोबरेल, एरंडेल, तसं गोडेल असणार! चक्रावले, पण नव्या सुनेनं विचारायचं कसं? अख्ख्या फ्लॅनेलला गोडंतेल चोळलं.

सासूबाई आल्या, बघतच राहिल्या.

मी म्हटलं, "तुकडे मस्त चिकटतायत हं!"

"अय्यो, गोडेला म्हटलं, गोडेला!" म्हणत त्यांनी भिंतीवर थाप मारली.

"भिंत होय! मग मराठीत सांगायचं ना!"

त्या माझ्याहून गोंधळल्या. "मराठीतच की सांगितलं! गोडे कन्नड कधी झालं?"