सायलस थेअर यांचे म्हणणे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड एबिजा लोरिंग, व्यासपीठावर विराजमान असलेले नवे सभापती श्री. पेलेग स्टोन, ज्यांच्या सन्मानार्थ आपण या प्रार्थनागृहात जमलो ते चर्चचे डीकन जोथम थेअर, त्यांच्या पत्नी मेहिटाबेलवहिनी, आणि ॲशकोम गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

एकोणीस वर्षे गावसभेचे सभापतिपद सांभाळून डीकनसाहेब आज पायउतार होत आहेत. त्यांचे धाकटे बंधू सायलस यांना गावात परत घ्यावे की नाही, हा ठराव येत्या सोमवारी पुन्हा गावसभेपुढे आहे. त्याचा उल्लेख आजच्या मंगल प्रसंगी करू नये, असे मला दोन सद्गृहस्थांनी सुचवले. मी दोघांचाही आभारी आहे.

मी शाळामास्तर. कोणत्याही गोष्टीची सुरुवात सुरुवातीपासून करणे, ही माझी खोड आपण जाणता.

डीकनसाहेबांची सभापती म्हणून पहिली सभा सतराशे पासष्ट सालची. विलायतेच्या संसदेने तेव्हा मुद्रांकाचा कायदा केला होता. खरेदीखत, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, इतकेच काय, पत्त्यांचा जोड, सगळ्याला सरकारी मुद्रांक हवा. आपल्या भागात तो विकण्याचे काम सायलस यांनी पत्करले. कुणीतरी विकणारच, मग निदान ओळखीचा माणूस असावा, असा त्यांचा विचार होता. विचार वाईट नव्हता. वेळ वाईट होती. गावाने एल्मच्या झाडाला त्यांचा गवताचा पुतळा टांगला. पुतळ्याच्या अंगात सायलस यांचाच जुना कोट होता. तो कोणी पुरवला, याची नोंद इतिवृत्तात नाही. वहिनी खाली पाहत आहेत, तेव्हा मी पुढे जातो.

सायलस झाडाखाली आले आणि त्यांनी वर पाहिले.

"कोट माझा आहे."

"मग? काय म्हणणं आहे?"

"गवत राहू द्या तुम्हाला. कोट खाली द्या. बटणं चांगली आहेत त्याची."

तिथेच त्यांनी राजीनामा वाचला, सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजली, आणि ज्यांनी पुतळा टांगला होता त्यांनीच त्यांना खांद्यावर बसवून घरी पोचवले. आपल्या गावातील पहिले बंड असे साडेचारच्या सुमारास आटोपले.

पुढच्या वर्षी तो कायदा रद्द झाला. मग काच, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. आपण विलायती माल सोडला. गावच्या स्त्रियांनी रेव्हरंडसाहेबांच्या अंगणात चरखे मांडले. चहाऐवजी रासबेरीचा पाला उकळून पिण्यात आला, आणि त्याला स्वातंत्र्याचा चहा म्हणण्यात आले. अध्यक्षमहाराजांनी तो तीन वर्षे विनातक्रार घेतला. परमेश्वरावरील श्रद्धेचा याहून मोठा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

आता एक प्रश्न. आपण लढलो तो कर भारी होता म्हणून का? दर वर्षी निम्मी मुले तसे लिहितात, आणि दर वर्षी मी ते उत्तर चूक धरतो. सतराशे त्र्याहत्तर साली कंपनीचा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त झाला होता! जकातीसकट स्वस्त! आणि बॉस्टनच्या लोकांनी तो नेमका तेव्हाच समुद्रात टाकला. स्वस्त वस्तू बुडवणारा माणूस पैशासाठी भांडत नसतो. आपले भांडण एवढेच होते, की आपल्याविषयी निर्णय होतो तिथे आपले म्हणणे कुणी ऐकत नाही. आपण अर्ज केले. ते न वाचता परत आले. एक दिवस अर्जाची जागा बंदुकीने घेतली. कराविषयीची कुरकुर स्वातंत्र्याच्या लढाईपर्यंत पोचली, ती या एकाच रस्त्याने.

डीकनसाहेबांचे थोरपण दिसले ते चौऱ्याहत्तरमध्ये. गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकच गावसभा घ्यावी, असा विलायतेहून हुकूम आला. डीकनसाहेबांनी तो अक्षरशः पाळला. त्यांनी एकच सभा घेतली. ती अकरा महिने चालली. तपासायला आलेल्या शिपायाचा आणि त्यांचा संवाद या भिंतींनी ऐकला आहे.

"ही सभा बेकायदा आहे. बंद करा."

"नवी कुठं बोलावलीय? ही जुनीच आहे."

"कधीची?"

"जुलैची."

"आता ऑक्टोबर लागलाय! मधे जेवायला नाही गेलात?"

"गेलो होतो की. तहकूब करून."

त्याच सभेत विलायती मालाच्या बहिष्काराचे प्रतिज्ञापत्र सह्यांसाठी फिरले. ते घेऊन सायलस यांच्याकडे गेलेल्या तिघांत मी होतो.

"सायलस, सही कर."

"वाचू तर द्या आधी, मास्तर."

"वाचायचं काय त्यात? सगळ्या गावानं केलीय."

"म्हणजे वाचलं कुणीच नाही."

त्यांना आपली शंका सभेत मांडायची होती. आपण बाके बडवली. सर्वांत जोरात कुणी बडवली, हे मला माहीत आहे. मी माझ्या हाताकडे पाहतो आहे. पुढे युद्ध पेटले, आणि शहात्तरच्या मार्चमध्ये सायलस राजाच्या गलबतांबरोबर उत्तरेला, राजाच्याच ताब्यातल्या हॅलिफॅक्सला गेले. आपल्यातले नऊ जण युद्धावरून परतले नाहीत. त्यांतले सहा माझे विद्यार्थी. हे मी विसरलेलो नाही, आणि कोणी विसरावे असे मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी सायलस परत आले. वय सहासष्ट. याच प्रार्थनागृहात भरलेल्या गावसभेत ते बोलायला उभे राहिले. हरकत निघाली, की गावचा रहिवासी नसलेल्याला गावसभेत बोलता येत नाही. सभापतींनी नियम पाहिला आणि हरकत मान्य केली. सायलस बसले. गावात परत घेण्याविषयीचा त्यांचा अर्ज फेटाळायला आपल्याला चार मिनिटे लागली.

डीकनसाहेबांना निरोपाची भेट काय द्यावी, हे विचारायला आमची समिती त्यांच्या घरी गेली होती. ते म्हणाले, "काही नको." फाटकाशी वहिनींनी मला थांबवले.

"मास्तर, त्या सभेवरून घरी आले ते जेवलेच नाहीत. निर्णय बरोबर होता म्हणाले."

"बरोबरच होता, वहिनी. नियम तसाच आहे."

"असेल. पण अकरा वेळा म्हणाले. बरोबर असलं की माणूस एकदाच म्हणतो."

यानंतर मी गावाचे नियम पहिल्या पानापासून वाचून काढले. रहिवासी नसलेल्याने गावसभेत बोलू नये, हे स्पष्ट आहे. परंतु निरोप समारंभात कोणी बोलू नये, अशी तरतूद मला कुठेही आढळली नाही. आज गावसभा नाही. सत्कारमूर्तींच्या सख्ख्या भावाने त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, हे तर रीतीला धरूनच आहे. आणि ओघात तो स्वतःविषयी बोलला, तर त्याला आवरण्याचा अधिकार केवळ अध्यक्षांना आहे.

डीकनसाहेब, आपण बसावे. हरकती आता श्री. स्टोन ऐकतात. ते मान हलवत आहेत. ती होकाराची आहे असे मी धरून चालतो.

सायलस यांना माफ करा, असे मी म्हणत नाही. सोमवारी आपण नाही म्हणालात, तर ते हॅलिफॅक्सला परत जातील, आणि तिथेच त्यांचे उरलेले आयुष्य संपेल. तो नकार न्याय्यही असेल. पण तो माणसाचे ऐकून घेऊन दिलेला असावा. राजाकडे दहा वर्षे आपण यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते.

संयोजकांनी मला दिलेल्या वेळापैकी सहा मिनिटे उरली आहेत. ती मी सकाळपासून वहिनींच्या गाडीत बसून असलेल्या वक्त्यांना देतो. अध्यक्षमहाराजांचे, संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, कुणाचे मन दुखावले असेल, तर ते माझ्या पदरात घालावे, पुढच्या वक्त्यांच्या नव्हे.

दाराशी बसलेल्या मंडळींनी कृपया कडी काढावी.