काकांची घागर

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर माझ्या शेजारी पुण्यात शिकणारी एक मुलगी आणि तिला न्यायला आलेली तिची आजी बसल्या होत्या.

"काय शे त्या बाटलीमा?"

"फळमाश्या, आजी. कॉलेजातल्या. सुट्टीत सांभाळायला दिल्यात. यांचे डोळे खडबडीत आहेत."

"ते कसं काय?"

"डोळा घडताना पेशी एकमेकींना चिकटून आपापली जागा धरतात. ज्यांना जागा मिळत नाही, त्या आपण होऊन मरतात. यांच्यात ते चिकटणंच बिघडलंय."

"मग जागा न मिळालेल्या?"

"मरत नाहीत. मध्येच गर्दी करून राहतात."

"जायचं ते जातच नही."

"हो. आजी, उद्या पितरांच्या घागरी भरू, तेव्हा रुपचंदकाकांचीही भरायची का?"

"पुरात वाहून गेला म्हणतात बठ्ठे लोक. मी पाह्यला नही मेलेला. पोटच्या पोराला पितरांमा कशी बसवू?"

"बरं. राहू दे."

"माठावर पेला मी उपडा ठेवते. सकाळी सुलटा असतो. ओला."

"तूच पाणी प्यायली असशील."

"माझा तांब्या उशाशी असतो."

"घरात तर तू एकटीच असतेस."

"मलाही तसंच वाटे."

"मग पेला सुलटा कोण करतं?"

"भर उद्या त्याची घागर."

"नाव कोण घेणार?"

"मी घेईन. पण आज घरी गेल्यावर याच्यातलं काही बोलू नको. त्याला आधीच कळायला नको."