दोन उशा

डिचोलीच्या ट्रॅव्हल ऑफिसात माझ्यापुढे मुळगावची एक साठीची बाई बसली होती. काउंटरमागचा मुलगा तिच्या ओळखीचा असावा.

“सुदेश, क्रूझवरची सगळ्यात स्वस्त खोली बघ. खिडकी नसली तरी चालेल.”

“तीच बघतोय, काकी. पण एकटं गेलं तरी भाडं दोघांचंच पडतं.”

“जेवणार मी एकटीच ना?”

“तरीपण. बहिणीला घेऊन जा सोबत.”

“ती म्हणते, वर्षश्राद्ध झालं नाही आणि हिला बोटीवर मिरवायचंय.”

“काका बोटीवर होते तेव्हा कंपनी बायकोला सवलत द्यायची ना?”

“द्यायची. पण हे म्हणायचे, मी कामात असताना तू येऊन काय करणार? रिटायर झालो की दोघं पाहुणे म्हणून जाऊ.”

“पुढच्या वर्षी भाडं उतरेल कदाचित.”

“दोघांचंच ना?”

“हो.”

“बावीस वर्षं हे तिथल्या खोल्या लावायचे. एकट्या पाहुण्याच्या खोलीतसुद्धा दोन उशा मांडायचे. म्हणायचे, पैसे दोघांचे घेतलेत, मग मांडायला नको?”

“म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं. मी हसून विचारायचे, एवढे पैसे भरून एकटं जातं तरी कोण?”