नऊ कोटी चौऱ्याण्णव लाख आठशे एक्क्याण्णव

...आणि वर सगळी मलाच म्हणत्यात, पोरगीला तुम्हीच डोक्यावर बसवलीसा! आता पावणं, तुम्हीच ऐका आणि सांगा, माझं काय चुकलं? मंगळवार पेठेत माझं हार्डवेअरचं दुकान. एकुलती एक पोरगी अनुजा, गणितात एम.एस्सी. झाली. शिरोळच्या हंबीररावांनी त्यांच्या विश्वजितसाठी मागणी घातली. घर चांगलं, पोरगा सरळ... आणि ही म्हणती, "मला चेन्नईला जायचंय, पीएच.डी. करायला." मी म्हणलं, लग्न कर, मग काय ते आकडे मोडत बस घरात. तर तिनं पेन घेतला, बिलाच्या पाठीमागं लिहिलं ९९४००८९१, आणि म्हणाली, "पप्पा, दोन मूळ संख्यांचा गुणाकार हाय ह्यो. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाय, अशा दोन. त्या शोधा, मी मुकाट स्थळ बघते. न्हाय सापडल्या तर मला जाऊ द्या."

एवढंच? म्हणलं, फोडायची म्हणजे फोडायची.

शेवटी एक, म्हणजे दोन-पाचाचा प्रश्नच न्हाय. आकड्यांची बेरीज चाळीस, तीन गेला. सातानं भागलं, बाकी दोन. अकरानं भागलं, बाकी सात... गिऱ्हाईक म्हणतंय, "मालक, दीड इंची खिळं द्या की." मी म्हणतोय, बाकी सात! "सात न्हवं वो, पावशेर द्या." घरी आमची मंडळी, "जेवताना तरी ते कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, आमटीत पडंल." पडू दे म्हणलं. फोडायची म्हणजे फोडायची!

तुम्हाला सांगतो, पार तीन हजाराच्या पुढं गेलो, बोटं दुखाय लागली, तरी ती काय दाद देईना. एका दुपारी वैतागून वर्गमुळाचं बटण दाबलं... ९९६९.९९९५. आता एवढ्या जवळ येऊन थांबती व्हय? ९९७० चा वर्ग केला. आपल्या आकड्यापेक्षा बरोब्बर नऊ जास्त. आणि नऊ म्हणजे तिनाचा वर्ग की वो! शाळेतलं सूत्र, ए वर्ग वजा बी वर्ग... ९९७० मधनं तीन वजा, तीन अधिक. छातीत असं काय भरून आलं, दुकानाचं उद्घाटन झालं तवाबी असं झालं न्हवतं.

शटर ओढलं, घर गाठलं. "९९६७ आणि ९९७३."

डोळं भरलं पोरगीचं, पण म्हणाली काय, "बोलवा पावण्यांना. शब्द म्हणजे शब्द."

तिथं माझंच अवसान गेलं. मला एकदाच ते नऊ घावलं तर असं झालं, आणि हिला तर रोज तेच पायजे... आणि मी ते तोडाय निघालतो? हंबीररावांना फोन लावला, म्हणलं, माफ करा, पोरगी शिकाय निघाली. माणूस दिलदार. म्हणाले, "थांबतो की आम्ही. किती वर्षं?"

फोनवर हात ठेवून पोरगीला विचारलं, तू तिथं करणार काय?

"ह्या दोघींत सहाचं अंतर हाय न्हवं, पप्पा? अशा जोड्या मोजत गेलं तर कुठं संपत्यात, का संपतच न्हाईत, ते शोधायचंय."

"मग किती वर्षं लागतील?"

"जगात अजून कुणालाच म्हाईत न्हाय."

हात काढला आणि म्हणलं, हंबीरराव, तुम्ही दुसरीकडं बघा... ह्या कामाला तारीख देता येत न्हाय.