एर्मेकचं निदान

काराकोलच्या मानसोपचार दवाखान्यात बेगायिम आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक बसड्रायव्हर आणि त्याची थोरली बहीण बोलत होती.

"ताई, ऑटिझम असेल तर कळू दे तरी."

"कळून काय दिवे लावणार आहेस? मोठ्या माणसाला इथे ऑटिझम नाही, सरळ स्किझोफ्रेनिया लिहून देतात. मग लायसन्स जाईल, बस जाईल."

"बायको सोडून गेलीच ना? आईला माती देताना रडलो नाही, तर दगड म्हणाली मला."

"म्हणू दे."

"मी दगड नाही, ताई."

"मला ठाऊक आहे रे. तेवढं पुरे नाही का?"

"नाही."

नर्सनं दारातून विचारलं, "एर्मेक कोण?"

"आला नाही तो," बहीण म्हणाली.

शेजारी बसलेल्या एर्मेकनं मान खाली घातली.

पुढचं नाव बेगायिमचं होतं. तीही उठली नाही.