टॉर्किलची बोट काही सुकेना

...आणि वर मलाच म्हणतात, ईशबेल, तू मध्ये पडलीस. आता तुम्हीच सांगा, कुंपणापलीकडे एक धडधाकट माणूस भर पावसात ताडपत्रीखाली बसून हेअर ड्रायरने बोटीला वारा घालतोय, आणि आपण खिडकीत मुकाट्याने भांडी विसळायची? होईल तुमच्याच्याने? तरी तुम्हाला सांगते, मी मध्ये पडणार नव्हते.

हा टॉर्किल, माझा शेजारी. जन्म गेला फेरीबोटीवर दोर फेकण्यात, पण बोट बांधली कधी नाही. आता बांधायला घेतली ती आईसाठी. त्याची आई एफी, एकोणनव्वद वर्षांची, जन्मली समोरच्या बेटावर. तिथं आता मेंढ्यांशिवाय कुणी राहत नाही, फेरीबोट थांबत नाही. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजी, जे बघायचं ते जूनच्या आत बघून घ्या. झालं, टॉर्किलने शपथच घेतली, आईला माहेरी नेईन तर माझ्या हातच्या बोटीतून. अरे पण एप्रिलात? आमच्याकडच्या एप्रिलात, जिथं दोरीवर टाकलेला टॉवेल मे महिन्यात वाळतो?

बरं, त्या बोटीत खिळे नाहीत, सगळं प्लायवूड एपॉक्सीने चिकटवायचं. डब्यावर लिहिलंय, दहा अंशांखाली वापरू नका, ओल लागू देऊ नका. म्हणजे थोडक्यात आमच्या गावात वापरू नका. तरी हा लावायचा, आणि सकाळी हाताचं बोट फिरवून बघावं तर वर तेलकट थर, लोण्याचा हात पुसल्यासारखा. मग धुवा, घासा, पुसा, परत लावा, परत पाऊस... गरम पाण्याच्या पिशव्या बांधून झाल्या, आईचं विजेचं पांघरूणसुद्धा बोटीवर गेलं, आणि म्हातारी आत तीन स्वेटर घालून म्हणतेय, राहू दे, त्या लाकडाला सर्दी नको व्हायला. मी एक शब्द बोलले नाही. मी मध्ये पडणारच नव्हते.

पण त्या मंगळवारी तो कणा आणि तळाची फळी जोडायला बसला. दोन भाग एपॉक्सी, एक भाग ते घट्ट करणारा हार्डनर, वजनकाट्यावर औषधासारखं मोजून ठेवलं, आणि आईला लापशी द्यायला आत गेला. मला म्हणाला, जरा ताडपत्री धरून ठेव. धरली. थर्मामीटर बघितला, सात अंश. आता माझा नवरा रॉरी, देव त्याच्या आत्म्याला सुखात ठेवो, त्याने तीस वर्षं मच्छीमारांच्या बोटी त्या जुन्या, उग्र वासाच्या रेझिनने सांधल्या, आणि थंडी असली की तो घट्ट करायच्या औषधाचे दहा थेंब जास्त टाकायचा. लगेच घट्ट. मी काय परकी आहे? घातला वरून आणखी हार्डनर, प्रेमाने ढवळला. मला काय माहीत, की एपॉक्सीचं तसं नसतं, तिथं दोनाला एक हा हिशेबच लागतो, जास्त घातलं तर ते लवकर सुकत नाही, कधीच सुकत नाही!

तीन दिवस सांधा टॉफीसारखा चिकट. चौथ्या दिवशी फळी त्याच्या हातात आली, बोटांना तारा सुटत होत्या. त्याने बाटली उजेडात धरली, उरलेला हार्डनर बघितला, मग माझी खिडकी बघितली. मी खाली वाकले होते, पण पडदा हलत होता ना.

"ईशबेल, किती घातलंस?"

"थोडंसंच."

"किती?"

"अर्धा कप. पण चांगल्या मनाने."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "आईचे डोळे जायला लागलेत गं."

मग सांगा, काय करायचं मी? मध्ये पडणार नव्हते, पण सरळ एफीकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. तिने ऐकलं, नाक शिंकरलं, आणि म्हणाली, त्या शेवंडं पकडणाऱ्या डॉनीला फोन लाव. म्हटलं, त्याची बोट प्लॅस्टिकची आहे. म्हणाली, तरंगते ना?

त्याच दुपारी डॉनीच्या बोटीतून बेटावर गेलो, रेनकोट घालून. टॉर्किल एका टोकाला, तोंड दुसरीकडे. मी खाऊ बांधला होता म्हणून मला जावंच लागलं. एफीच्या घराच्या दोनच भिंती उरल्यात, मध्ये चुलीचा दगड. तो तिने हाताने चाचपला, मग बराच वेळ दाराच्या जागेतून समुद्र बघत उभी राहिली. परतताना टॉर्किलची बाही धरून म्हणाली, "आता तुझी बोट सावकाश कर. माझं बघून झालं."

आणि दुसऱ्याच दिवशी ऊन! चोवीस अंश! टॉर्किलचं तोंड उजळलं, थंडीसाठी खास मागवलेला झटपट हार्डनर होताच, तो घातला, ढवळला, दोन हात फिरवले... आणि थंडीचा तो हार्डनर उन्हात डब्यातच तापून दगड, वर धूर. ब्रश आत उभाच्या उभा चिणला गेला. दुसरा डबा, तेच. तिसरा, तेच. डब्याकडे मी बोटसुद्धा नेलं नव्हतं, शपथ घेते.

तर सध्या असं चाललंय, टॉर्किल पायरीवर बसून आभाळ बघतो, एफी आतून विचारते ढग आला का रे, मी कुंपणावरून सांगते अजून नाही. साठ वर्षं या गावात काढली, पण इथं बसून कुणी पावसाची वाट बघितलेली मी पहिल्यांदाच पाहतेय.