एकमताने निवडलेला वक्ता

(विद्यापीठाच्या सभागृहामागची छोटी खोली. एक आरसा, दोन खुर्च्या, टेबलावर पितळी घंटा. पलीकडे खुर्च्या सरकवल्याचे आवाज.)

प्राध्यापिका : हात जरा वर करा, वकीलसाहेब. झग्याची बाही उलटी गेलीये.

वकील : बघा आता. कोर्टातला कोट रोज डोळे मिटून चढवतो, आणि तुमच्या या झग्यानं मला पार शाळकरी पोर करून टाकलं. हं, तर काय सांगत होतात? एकमतानं?

प्राध्यापिका : एकमतानं. दीक्षान्त समारंभाचा वक्ता ठरवताना इथं असं पहिल्यांदाच झालं.

वकील : खरं वाटत नाही हो. आमच्या वेळी या विद्यापीठात पंखा लावायचा की नाही यावरसुद्धा मतदान व्हायचं.

प्राध्यापिका : अजूनही होतं. समितीच्या खोलीत अजून तुमच्या वेळच्याच दोन फळ्या बसतात. एक दाराकडे, एक खिडकीकडे. मधे मी, अध्यक्ष म्हणून. आणि प्रत्येकाला एकच नकार.

वकील : पालथा हात?

प्राध्यापिका : पालथा हात. कारण सांगायचं नाही, नुसता टेबलावर हात पालथा ठेवायचा, की नाव गेलं. गेल्या वर्षी लेखक गेले, न्यायमूर्ती गेले, एक नटी गेली. शेवटी उरले ते दातांचे डॉक्टर. भले गृहस्थ. पदवीधरांना त्यांनी दात वरून खाली कसे घासायचे ते समजावलं. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.

वकील : त्याच्या आधी?

प्राध्यापिका : पूल बांधणारे एक इंजिनियर. तेही पुलावरच बोलले. पण कुठल्या नदीवरच्या, ते मुद्दाम सांगितलं नाही.

वकील : आणि माझ्या नावाला एकही हात पालथा पडला नाही. म्हणजे लोक विसरले म्हणायचे. मी मूळचा दाराकडचा, त्यांचा पुढारीच. पुढे खिडकीकडच्यांचा खटला लढलो, जिंकून दिला. मग दोघांनाही रामराम ठोकला. मला वाटलं होतं, हे लोक मला जन्मात उंबरा ओलांडू देणार नाहीत.

प्राध्यापिका : विसरलं कोणीच नाही. दाराकडचे तुम्हाला फितूर म्हणतात. खिडकीकडचे म्हणतात, काम झालं आणि आम्हाला वाऱ्यावर सोडलं. तुमचं नाव निघालं तेव्हा दाराकडचे एकमेकांकडे बघून हसले. खिडकीकडचे हसले नाहीत, त्यांनी चहा सांगितला. एरवी ते बैठकीत पाणीसुद्धा पीत नाहीत.

वकील : मग होकार कशाला दिला?

प्राध्यापिका : तुम्ही मंचावर उभे हवे होतात. ओरडलेलं नीट ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

वकील : समजलो नाही.

प्राध्यापिका : दोन्हीकडचे विद्यार्थी पुढारी मला वेगवेगळे भेटून गेले. एक सकाळी आला, एक दुपारी. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण प्रश्न शब्दाला शब्द तोच. मॅडम, घंटा कधी वाजवणार? घंटेचा नियम तुम्हाला आठवत असेल.

वकील : गोंधळ झाला तर अध्यक्ष घंटा वाजवतो. त्यानंतर जो ओरडेल त्याला त्या दिवशी पदवी नाही.

प्राध्यापिका : म्हणून घंटा झाली की चिडीचूप. पण घंटा होईपर्यंत कोणी कितीही ओरडा, कोणाचं काही वाकडं होत नाही. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं. म्हटलं, आज माझा हात दुखतोय.

वकील : मॅडम, थट्टा करायची ही वेळ आहे का?

प्राध्यापिका : थट्टा मला जमत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

वकील : अहो, पण का? मी तुमचं काय घोडं मारलंय? आपली ओळख आजची.

प्राध्यापिका : ती घंटा उचला. आत बघा. लोलक नवा आहे ना, तारेनं अडकवलेला? जुना कुठे गेला ते या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे.

वकील : बाहेर बरीच गर्दी झालेली दिसते.

प्राध्यापिका : विषय असा बदललेला कोर्टात चालत असेल. त्या वर्षी मंचावर इतिहासाचे सर होते. गाऊन शिकवायचे ते. सूर लावला की दुसऱ्या वर्गांतली मुलं येऊन मागे उभी राहायची. अध्यक्षीणबाईंनी घंटा उचलली, हलवली, पुन्हा हलवली. आवाजच नाही. आदल्या संध्याकाळी कोणीतरी आतला लोलक काढून नेला होता.

वकील : तुम्ही सरांच्या कोण?

प्राध्यापिका : मुलगी. त्या दिवशी पदवी घ्यायला आले होते. माझा बाप बोलणार म्हणून केस तीनदा विंचरले होते.

वकील : ती दोन वेण्यांची, पुस्तकातून डोकं वर न काढणारी?

प्राध्यापिका : कानांना पुस्तक लागत नाही. तुम्ही पहिल्या वर्षाला आलात तेव्हा स्वतःचं नाव सांगताना अडखळायचात. मुलं हसायची. बाबा तुम्हाला रोज संध्याकाळी घरी बोलवायचे आणि साधी साधी वाक्यं गाऊन म्हणायला लावायचे. गाताना जीभ अडत नाही, म्हणायचे. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होते, माझ्या बापाच्या सुराला धरून तुमचा आवाज कसा उभा राहतोय ते. नंतर सभागृहात पहिली आरोळी उठली ती मी डोळे मिटून ओळखली. आमच्याच घरात घडलेला आवाज होता तो.

वकील : तुम्ही तेव्हाची परिस्थिती विसरता. आमच्या मुलांना विद्यापीठातून काढून टाकलं होतं. सगळे सरांकडे डोळे लावून बसले होते, ते काहीतरी बोलतील म्हणून. आणि सरांनी सुरू काय केलं, तर दोन भावांच्या विहिरीची गोष्ट. तीही गाऊन. मला वाटलं, हे अंग चोरतायत. म्हणून म्हटलं, गाणं नको, उत्तर द्या.

प्राध्यापिका : त्या गोष्टीचा शेवट माहीत आहे तुम्हाला?

वकील : नाही.

प्राध्यापिका : मला पाठ आहे. घरी तालीम चालायची. विहीर वाटून घेतलेले भाऊ शेवटी मधली भिंत पाडतात, आणि तिथे बाबा थांबून मागे वळणार होते. मंचावर बसलेल्या कुलगुरूंकडे. आणि भर सभेत, तोंडावर, सांगणार होते, की मुलांना आजच्या आज परत घ्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या. तुम्ही चार ओळी दम धरला असतात तरी झालं असतं.

वकील : हे मला कोणी कधी सांगितलं नाही.

प्राध्यापिका : कोण सांगणार? ज्यांना सांगायचं होतं त्यांना तुम्ही खाली बसवलंत. त्यानंतर ते गायले नाहीत. वर्गात नाही, घरात नाही. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन झोपवायचे तेही नुसतं थोपटून. सकाळी देवापुढे उभे राहतात, आणि ओठ मिटलेले असतात.

वकील : मी निघतो. तब्येत बिघडली म्हणून सांगा. या मागच्या दारानं जाता येतं ना?

प्राध्यापिका : दार उघडंच आहे. तुमच्या मुलीला निरोप द्यायचा का? चौथ्या रांगेत बसलीये ना ती. आज तिलाही पदवी मिळायची आहे.

वकील : तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं.

प्राध्यापिका : तुमचं नाव गेल्या वर्षीही आलं होतं. दाराकडचे तयार, खिडकीकडचे तयार. मी हात पालथा ठेवला. सगळे चक्रावले. मी कधीच नकार वापरत नाही. म्हटलं, एक वर्ष थांबू. पोरगी शेवटच्या वर्षाला येऊ दे.

वकील : तिचा काय दोष आहे यात?

प्राध्यापिका : माझा काय होता?

वकील : मग सांगून कशाला टाकलंत? गप्प बसला असतात तर मी हसत हसत जाऊन उभा राहिलो असतो.

प्राध्यापिका : बाबांना त्या दिवशी कळलंच नाही काय अंगावर आलं ते. चष्मा काढून बघत राहिले. तुम्हाला कळायला हवं. इथून तिथपर्यंत चालताना तुमच्या पायांना ठाऊक असायला हवं.

वडील : माई, आत येऊ का गं? शिपायानं इकडून सोडलं. तिकडच्या पायऱ्या आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

प्राध्यापिका : बाबा, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीये. चला, मी बसवून येते. इथं थांबू नका.

वडील : बसतो. घाई काय आहे? आत कोणाशी बोलत होतीस? 'म'वर क्षणभर थांबला. असा थांबणारा माझा एकच विद्यार्थी होता.

वकील : स... सर.

वडील : अजून अडतोस होय? टीव्हीवर तर घडाघडा बोलतोस.

वकील : तुमचीच युक्ती आहे, सर. मनातल्या मनात सूर धरतो. लोकांना कळत नाही.

वडील : मला कळायचं. म्हणून टीव्ही बंद करायचो. माई, बाहेर दोन पोरं कुजबुजत होती. आज घंटा होणार नाही म्हणे, मॅडमचा हात दुखतोय.

प्राध्यापिका : तुम्ही यात पडू नका, बाबा.

वडील : मी पडलेलाच आहे यात. तेव्हापासून. घंटा वाजव.

प्राध्यापिका : नाही वाजवणार. माफ केलंत का याला? कधी केलंत? निदान मला विचारायचं तरी. मी त्या घरात तुमच्यासोबत राहिले आहे. गाणं गेलेल्या घरात.

वडील : माफ कोणी केलं? काय वाटतं तुला, मी ओठ मिटून देवापुढे काय करत होतो? रोज एकच मागत होतो. याला एकदा माझ्यासमोर उभा कर. तू तो आणून उभा केलास. देवाचे उपकार मानू की तुझे, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि आता ऐन वेळी तूच याला लपवायला निघालीस.

प्राध्यापिका : मी लपवते आहे? सगळ्या सभागृहाच्या तोंडी देते आहे मी याला.

वडील : तेच म्हणतो. गोंगाटात माणूस लपतो, बाळा. मी लपलो ना. लोक म्हणाले, बिचाऱ्या सरांना बोलू दिलं नाही. तुम्हाला सांगायचं काय होतं, असं मात्र एकानंही विचारलं नाही. यालाही तसंच होईल. पोरं ओरडतील, हा हात जोडून उभा राहील, आणि संध्याकाळपर्यंत हुतात्मा होऊन घरी जाईल. पोरगी गळ्यात पडून रडेल. असला स्वस्त सूड मला नको.

प्राध्यापिका : मग कसला हवा?

वडील : टाचणी पडली तरी ऐकू येईल असं सभागृह. दाराकडचे गप्प, खिडकीकडचे गप्प. चौथ्या रांगेत याची पोर, पहिल्या रांगेत मी. आणि हा बोलणार. आम्ही ऐकणार. शेवटच्या शब्दापर्यंत. मधे कोणी सोडवायला येणार नाही.

वकील : मी... मी भाषण लिहून आणलंय, सर. तरुणांनी मोठी स्वप्नं बघावीत वगैरे.

वडील : ते ठेव खिशात. दातांच्या डॉक्टरांनी त्याहून कामाचं सांगितलं.

वकील : मग काय बोलू?

वडील : लोलक कुठे टाकलास?

वकील : मागच्या तळ्यात. रात्रभर उशाशी ठेवला होता. सकाळी भीती वाटली, फेकून दिला.

वडील : तिथून सुरुवात कर. तळ्यापासून. पुढचं आपोआप सुचत जाईल. विहिरीची गोष्टही अर्धीच राहिलीये. शेवट आत्ताच तुला माईनं सांगितला असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. भिंत पाडल्यावर कोणाकडे वळायचं ते तुझं तू ठरव.

प्राध्यापिका : बाबा, माझ्यापेक्षा तुमचं जास्त क्रूर आहे.

वडील : तुझा बाप आहे मी.

वकील : मुलगी ऐकेल हे सगळं.

वडील : ऐकेल. माझ्या मुलीनंही ऐकलं होतं. तुझ्या मुलीला निदान पुरं ऐकायला मिळेल.

वकील : मॅडम, तुम्हीच सांगा. जाऊ की नको?

प्राध्यापिका : मागचं दार अजून उघडं आहे. मी धरणार नाही.

वकील : बाहेर नाव पुकारलं वाटतं.

प्राध्यापिका : पुकारलं. ऐका, सुरू झाले ते. दोन्हीकडून. आयुष्यात पहिल्यांदा एका तालात ओरडतायत.

वडील : घंटा घेतलीस का, माई?

प्राध्यापिका : घेतली.

वडील : हात दुखतोय ना तुझा?

प्राध्यापिका : नाही दुखत. तुमचा चष्मा द्या इकडे, पुसून देते. नीट दिसायला हवा तो तुम्हाला.

वकील : सर, एवढ्या शांततेत मला कधी बोलावं लागलेलं नाही. कोर्टातसुद्धा कोणी ना कोणी खोकतं. मी अ... अडखळलो तर?

वडील : अडखळलास तर गाऊन म्हण. सूर मी देईन खालून.